मुरमांची ट्यूब आणि सोलवटलेले गाल

इंजेक्शन दुखलं नाही तर डॉक्टरनं नुसतं पाणी टोचलं, काढा कडूजहर नसेल तर त्यात दम नाही, जखमेवरचं औषध झोंबलं नाही तर ते लागू पडणारच नाही, असं मानणारी माणसं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. मुरमांच्या बाबतीत ही समजूत थेट चेहऱ्यावर उमटते. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीसारख्या गावात कॉलेजला जाणारं एखादं पोर मेडिकलमधून ट्यूब आणतं, रात्री तोंड खसखसून धुतं आणि मलम गालभर चोळून झोपतं. चौथ्या-पाचव्या दिवशी गाल लाल होतात, नाकाच्या कडेनं पापुद्रे सुटतात, तोंडावर साधं पाणी मारलं तरी आग होते. यापुढे दोनपैकी एक गोष्ट घडते. ‘लागू पडतंय’ म्हणून थर आणखी जाड होतो, नाहीतर ‘आपल्याला हे झेपत नाही’ म्हणून ट्यूब खिडकीत जाऊन पडते. पहिल्यात चेहरा बिघडतो, दुसऱ्यात मुरूम तसेच राहतात. वास्तविक बहुतेक वेळा औषध बरोबर असतं, चुकलेली असते ती लावण्याची तऱ्हा.

मुरूम हा अस्वच्छतेचा किंवा ‘रक्त खराब’ झाल्याचा आजार नाही. चेहऱ्यावरच्या बारीक केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. वयात येताना संप्रेरकांमुळे हे तेल वाढतं. त्याच सुमारास केसाच्या नळीतल्या मेलेल्या पेशी नीट झडत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि नळीचं तोंड बुजतं. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात, सूज येते, पू होतो. आज आरशात दिसणाऱ्या फोडाची सुरुवात कित्येक आठवड्यांपूर्वी झालेली असते. म्हणून कुठलंही औषध आठ ते बारा आठवडे वापरल्याशिवाय त्याचा खरा गुण कळत नाही. त्याचा त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. सगळी गोम इथे आहे. फायदा उशिरा येणार आणि जाच आधी येणार हे ज्याला कुणी सांगितलेलं नसतं, तो मधेच हात टेकतो.

मुरमांसाठी लावायच्या औषधांत दोन मोठी नावं आहेत. एक म्हणजे रेटिनॉइड, अर्थात अ जीवनसत्त्वाशी नातं असलेली ट्रेटिनॉइन आणि ॲडापॅलीनसारखी द्रव्यं. ती बुजलेली नळी मोकळी करतात, पेशींची झड सुरळीत करतात. दुसरं बेंझॉइल पेरॉक्साइड, जे ऑक्सिजन सोडून जिवाणू मारतं. दोन्ही उत्तम औषधं आहेत आणि दोन्ही कातडी कोरडी पाडतात. कातडीचा सगळ्यांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो: सपाट, मेलेल्या पेशी या विटा आणि सिरॅमाइड वगैरे स्निग्ध पदार्थ हा त्यांच्यामधला गारा. ही भिंत आतलं पाणी आत आणि बाहेरचा उपद्रव बाहेर ठेवते. रेटिनॉइड सुरू झालं की पेशींची उलाढाल एकदम वाढते, भिंत काही काळ पातळ आणि फटींची होते, आतलं पाणी उडून जातं. मग रोजचा साबण, घाम, ऊन, सगळंच बोचू लागतं. साधारण दोन ते चार आठवड्यांत कातडी या बदलाला सरावते आणि आग आपोआप उतरते. या मधल्या काळाची व्यवस्था लावणं, एवढंच खरं काम आहे.

ट्रेटिनॉइन मुरमांवर चालतं हे फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मांडलं. हेच ते क्लिगमन, ज्यांनी तिथल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर दोन दशकांहून जास्त काळ त्वचेचे प्रयोग केले. त्या प्रयोगांची आज लाज वाटावी अशी नोंद वैद्यकाच्या इतिहासात आहे. ट्रेटिनॉइन येण्याआधी मुरमांवर गंधक, रिसॉर्सिनॉल अशी साल काढणारी द्रव्यंच जास्त वापरली जात. तेव्हा चेहरा सोलवटला की उपाय झाला, ही समजूत फक्त आपल्या आजीबाईंची नव्हे. पण १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात (त्याच्या लेखकांतही क्लिगमन होतेच) बेंझॉइल पेरॉक्साइडचं अडीच, पाच आणि दहा टक्क्यांचं जेल शेजारी-शेजारी तपासलं गेलं. सुजलेले मुरूम कमी करण्यात तिन्ही सारखीच ठरली. आग, लाली आणि पापुद्रे मात्र दहा टक्क्यांच्या जेलमध्ये अडीचपेक्षा जास्त दिसले. म्हणजे चौपट तीव्रतेचं औषध घेऊन पदरात पडली ती जळजळ. दुकानात ‘जास्त पॉवरचं द्या’ म्हणणाऱ्यानं हे आधी ऐकावं.

गव्हाळ आणि सावळ्या कातडीला तर ही जळजळ दुहेरी महाग पडते. आपल्या कातडीत रंगद्रव्य भरपूर असतं आणि कुठलीही सूज, मग ती मुरमाची असो की मलमाची, ओसरताना काळपट डाग मागे ठेवते. हे डाग जायला कित्येक महिने लागतात. मुरूम घालवायला घेतलेल्या ट्यूबनं गालावर डाग उमटवले, तर तो व्यवहार तोट्याचाच.

आता बोरीच्या हवा-पाण्याकडे येऊ, कारण ट्यूबच्या खोक्यातल्या कागदावर त्याचा उल्लेख नसतो. मराठवाड्याच्या या पट्ट्यात हिवाळ्यात परभणीचा पारा एक अंकावर उतरतो आणि हवा खडखडीत कोरडी असते. उन्हाळ्यात तो चाळीशी केव्हाच ओलांडतो. रेटिनॉइड सुरू करायला दोन्ही टोकं वाईट. शक्य असेल तर पावसाळ्यातली दमट हवा सुरुवातीला बरी, पण मुरूम काही ऋतू बघून येत नाहीत. मग डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करणाऱ्यानं पहिल्या महिन्यात औषधाच्या पाळ्या कमी आणि चेहऱ्याला लावायचं साधं क्रीम जास्त, असा हिशेब ठेवावा.

याच महिन्यांत शेतात हरभरा असतो. हरभऱ्याच्या पानांवर जी आंब येते ती आम्लच असते, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची. जुनी माणसं रात्री पिकावर धोतर पसरून, सकाळी ते पिळून आंब काढत आणि पोटदुखीवर ठेवत. भाजीसाठी शेंडे खुडणाऱ्या बाईची बोटं त्या आंबेनं चरचरतात. तीच बोटं रात्री रेटिनॉइड लावून पातळ झालेल्या गालावर फिरली, की काय होईल ते सांगायला नको. हरभऱ्यातून आल्यावर आधी हात धुवावेत, मग तोंडाला लावावेत. सोयाबीनच्या मळणीच्या धुळीत उभं राहतानाही तोंडाला सुती रुमाल असावा, पण तो रोज धुतलेला. घामानं आणि धुळीनं कडक झालेला रुमाल दिवसभर गालावर घासला, तर त्यानंच मुरूम वाढतात.

गाजरगवताचं प्रकरण वेगळं आहे. बांधावर, रस्त्याकडेला सगळीकडे माजलेल्या या गवताची काही जणांना जबरदस्त ॲलर्जी असते. हवेतून उडणाऱ्या त्याच्या बारीक कणांनी चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या खाजून लाल होतात. नेमकी त्याच सुमारास मुरमांची ट्यूब सुरू असेल तर बदनाम ट्यूब होते. ओळखायची एक सोपी खूण आहे: जिथे औषध लावलंच नाही तिथेही, विशेषतः मानेवर आणि कोपरात, खाज असेल तर संशयित दुसरा कुणी तरी आहे.

आणि पाणी. इथल्या काळ्या खडकातून वर येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. डाळ शिजायला वेळ लागतो, बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. फेस येत नाही म्हणून माणूस साबण आणखी घासतो, आणि पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून साबणाचा जो चिकट साका होतो तो कातडीवर बसतो. त्यात साध्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात, तर निरोगी कातडीचा साडेचार ते साडेपाचच्या आसपास. रेटिनॉइड चालू असताना अंगाचा साबण चेहऱ्याला लावायचा नाही, हा पहिला नियम मी त्यामुळे मानतो. बिनवासाचा, सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा पुरतो. तोंडापुरतं दोन तांबे प्यायचं, फिल्टरचं पाणी घेता आलं तर उत्तम, नाही आलं तरी साबण कमी करण्यानं निम्मी लढाई जिंकली जाते. गरम पाणी नको. घासणं नको. टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही.

आता लावायची तऱ्हा. रात्री तोंड धुतल्यावर ते पूर्ण कोरडं होऊ द्यावं, पंधरा-वीस मिनिटं. ओल्या कातडीत रेटिनॉइड जास्त शिरतं आणि जास्त बोचतं. संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं मलम घ्यायचं. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके लावून हलकं पसरायचं. फक्त फोडावर टिकली लावून उपयोग नाही, कारण उद्याचे मुरूम शेजारच्या, अजून स्वच्छ दिसणाऱ्या कातडीत तयार होत असतात. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या चिरा इथे कातडी मुळातच पातळ, तिथे आधीच थोडं पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवून ठेवलं की औषध सांडून तिथे जात नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, फारच नाजूक कातडी असेल तर दर तिसऱ्या रात्री. त्रास होत नसेल तरच रोज.

ज्यांना एवढंही झेपत नाही त्यांच्यासाठी दोन युक्त्या आहेत. पहिली, आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर. औषधाचा जोर थोडा मंदावतो, पण ते टिकून वापरलं जातं आणि मुरमांत टिकून वापरणं हेच महत्त्वाचं. दुसरी, थोडा वेळ लावून धुऊन टाकणं: रेटिनॉइड अर्धा तास, बेंझॉइल पेरॉक्साइड तर पाच मिनिटंसुद्धा पुरतं. हे आळशीपणाचे तोडगे नव्हेत, त्वचारोगतज्ज्ञ स्वतः सांगतात. एक बारकावा लक्षात ठेवावा. ट्रेटिनॉइन प्रकाशानं आणि बेंझॉइल पेरॉक्साइडनंही निकामी होतं, म्हणून जुन्या पद्धतीची ही दोन मलमं एकावर एक लावण्यात अर्थ नसतो. सकाळी एक, रात्री दुसरं. ॲडापॅलीनला ही अडचण नाही आणि ते ट्रेटिनॉइनपेक्षा सौम्यही आहे. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं, तेव्हा उशीला पांढरा अभ्रा घाला आणि आईच्या नव्या ओढणीपासून चार हात लांब राहा.

मॉइश्चरायझर म्हटलं की मुरूमवाली मुलं दचकतात, ‘आधीच तेलकट आहे, त्यात अजून काय फासायचं?’ पण तेल वेगळं आणि कातडीतलं पाणी वेगळं. तेलानं चकाकणारा गालही आतून कोरडा पडलेला असू शकतो. ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं, बिनवासाचं साधं क्रीम दोन वेळा लावावं. निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत कातडीतलंच पाणी ओढून घेतं, ते तसंच लावू नये. खोबरेल तेल अंगाला कितीही चांगलं असलं तरी मुरमांच्या चेहऱ्याला नको, ते नळ्या बुजवण्यात हातभार लावतं. सकाळी बाहेर पडताना सनस्क्रीन, आणि ते न परवडणाऱ्यानं निदान टोपी, छत्री, पदर.

या काळात चेहऱ्यापासून दूर ठेवायच्या वस्तू बहुतेक स्वयंपाकघरातल्याच आहेत. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, खरखरीत बेसनाचं उटणं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलेल्याचा गाल भाजल्यासारखा काळा पडू शकतो. मुलतानी माती आधीच कोरड्या चेहऱ्याला आणखी ओढते. न्हाव्याकडची तुरटी आणि झोंबरं आफ्टरशेव्ह मुलांनी महिनाभर बंद ठेवावं. मुलींनी वरच्या ओठाचं वॅक्सिंग तर टाळावंच, रेटिनॉइडनं पातळ झालेली कातडी मेणासोबत निघून येते. लग्नसराईचाही एक सल्ला आहे: हळदीला आठ दिवस राहिले असताना कुणी नवी ट्यूब सुरू करू नये. ब्लीच, फेशियल, हळद आणि रेटिनॉइड एका चेहऱ्यावर एकाच आठवड्यात आले की फोटोत जे दिसतं ते आल्बममधून काढून टाकता येत नाही.

एवढं करूनही चेहरा पेटलाच, तर सगळं थांबवायचं. तीन ते पाच दिवस फक्त सौम्य धुणं, मॉइश्चरायझर आणि कोरड्या ठिकाणी पेट्रोलियम जेली. आग शमली की पुन्हा सुरू, पण पूर्वीच्या निम्म्या पाळीनं. पापण्या सुजल्या, बारीक पाण्याचे फोड आले, पाणी झिरपू लागलं किंवा जळजळीपेक्षा खाज जास्त असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. मग ते औषध पुन्हा लावायचं नाही, डॉक्टर गाठायचा. गरोदर असलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईनं रेटिनॉइडपासून लांब राहावं. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर गर्भाला गंभीर अपाय करू शकतात, त्या तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय कुणीच घेऊ नयेत.

खरा धोका यापुढे आहे. चेहरा लाल झाला, की मेडिकलच्या काउंटरवर किंवा शेजारीण दाखवते त्या डबीतून एक ‘जादूचं’ क्रीम हाती येतं. रात्री लावलं की सकाळी लाली गायब, रंगही उजळलेला. त्यात असतं स्टिरॉइड: बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन. स्टिरॉइड सूज दाबतं, म्हणून पहिले काही दिवस चेहरा खरंच सुंदर दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, स्टिरॉइडचेच नवे मुरूम येतात, आणि क्रीम बंद केलं की चेहरा असा भडकतो की माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. या चक्रातून बाहेर पडायला महिने लागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि या ४३३ पैकी सुमारे एक चतुर्थांश लोक ते मुरमांवरचं औषध म्हणून लावत होते.

गंमत म्हणावी की दैव, या डबीचं मूळही क्लिगमनपाशीच पोचतं. १९७५ साली त्यांनी आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एकत्र करून काळे डाग फिकट करण्याचा नुस्खा मांडला. ट्रेटिनॉइननं होणारी आग दाबायला त्यात स्टिरॉइड होतं. डॉक्टरच्या नजरेखाली, वांगासारख्या डागांवर, थोडेच आठवडे, असं त्याचं खरं ठिकाण. आपल्याकडे त्याच कल्पनेची, मोमेटासोन घातलेली भावंडं गोरं होण्याचं क्रीम म्हणून वर्षानुवर्षं विकली गेली. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं आवाज उठवल्यावर २०१८ साली केंद्र सरकारनं अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर.

पार्लरमधल्या बिनलेबलच्या डब्यांना तर तेवढाही कागद नसतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तो त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमचा, त्यात पारा होता. अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला आपल्या कायद्यात परवानगी नाही. अकोला बोरीहून काही फार लांब नाही.

म्हणून ट्यूब घेताना तिच्यावर बारीक अक्षरात छापलेली घटकांची नावं वाचा. वर सांगितलेल्या तीन स्टिरॉइडांपैकी एक जरी दिसलं, किंवा नावाच्या शेवटी ‘सोन’ ‘सोल’ असं काही आलं, तर चेहऱ्याला लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. आठवडाभर लावून झालं असेल आणि थांबवायची भीती वाटत असेल, तरीही विचाराच. जिंतूर-परभणीला जाणं जमत नसेल तर सरकारची ई-संजीवनी ही फोनवरची सेवा आहे, जवळच्या आरोग्य केंद्रात तिची चौकशी करता येते. आणि जेव्हा कधी डॉक्टरकडे जाल, तेव्हा आजवर चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, प्रत्येक डबी, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या.